हिम्मतरावांचे पुढचे दात

हैदराबादेत चादरघाटच्या एका फंक्शन हॉलच्या दारात, वरात आत शिरायच्या बेतात असताना, हिम्मतरावांचे वरचे पुढचे दोन दात गेले. नवरदेवाचा कोणी मामा नाचता नाचता मागे उसळला आणि त्याची पाठ हिम्मतरावांच्या क्लॅरिओनेटच्या टोकावर आदळली. वाद्य तोंडात होतं. एक दात मुळासकट बाहेर आला, दुसरा हिरडीपाशी मोडला. हिम्मतराव तोंड धरून रस्त्याच्या कडेला बसले. मामा वाकून म्हणाला, "अरे उस्ताद, धक्का लग गया," आणि पुन्हा नाचायला गेला. बँडचा मालक शिवराज पुढेच उभा होता. त्याने वळून पाहिलं आणि ट्रंपेटवाल्याला हातानं खूण केली, थांबू नका, वाजवत राहा.

हे हिम्मतरावांनी पाहिलं. पुढे कितीतरी दिवस त्यांना दातांपेक्षा ती खूणच आठवायची.

हिम्मतरावांचं वय चौपन्न. आजोबा उदगीरकडची शेती भावांवर सोडून शहरात आले, तेव्हापासून घर मलकपेठेत. बँडचं दुकान सुलतान बाजारात, कापडवाल्यांच्या मागच्या गल्लीत. ते शिवराजच्या वडिलांनी, दत्तोबांनी काढलेलं. एकोणिसाव्या वर्षी हिम्मतराव त्यांच्या हाताखाली गेले आणि पस्तीस वर्षं तिथंच राहिले. दत्तोबांच्या सगळ्या चाली, मांड रागातली, भैरवीतली, त्यांनी कुठं लिहून ठेवल्या नव्हत्या. त्या हिम्मतरावांच्या बोटांत होत्या. दत्तोबा गेल्यावर दुकान शिवराजकडे आलं. तो त्यांना काका म्हणायचा, आणि दसऱ्याला पाया पडायचा.

कोठीला एका गल्लीत डॉ. निशिगंधा यांचा दवाखाना होता. त्या मूळच्या पुण्याच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे हैदराबादला आलेल्या. दातांचा डॉक्टर मराठी बोलणारा आहे म्हणून सुनंदाबाई नवऱ्याला तिथं घेऊन गेल्या. डॉक्टरांनी आधी मोडक्या दाताचं मूळ काढलं, जखम भरायला अडीच महिने दिले, आणि मग एक्स-रे समोर धरून समजावलं.

"स्क्रू बसवून दात लावता आला असता, पण इथलं हाड धक्क्यानं चिरलंय, आणि तुम्हाला शुगर आहे. मी ब्रिज सुचवीन. शेजारच्या दातांचा आधार घेऊन मधे दोन दात बसवायचे. पक्के राहतील, काढघाल नाही."

"आधार घेऊन म्हणजे?" हिम्मतरावांनी विचारलं. पुढचे दात नसल्यामुळे 'स' आणि 'फ' त्यांच्या तोंडून नुसते वाऱ्यासारखे जायचे.

"दोन्ही बाजूंचे दात चहूकडून घासून बारीक करायचे आणि त्यावर टोपी बसवायची. तुम्ही वाद्य वाजवता, दाब जास्त येणार, म्हणून दोन्ही बाजूंचे सुळेही घ्यावे लागतील. असे चार."

"ते चांगले आहेत ना?"

"अगदी चांगले आहेत."

"दोन गेलेल्यांसाठी चार चांगले कापायचे."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "आणि एकदा घासले की ते परत भरून येत नाहीत. घरी विचार करा, मग सांगा."

हिम्मतरावांनी खुर्चीतल्या खुर्चीत विचार केला. "वाजवता येईल?"

"यायला हवं. सवय करावी लागेल."

चार दात घासायला दोन बैठका लागल्या. दुसऱ्या बैठकीत तात्पुरती टोपी चढवायच्या आधी त्यांनी आरसा मागितला. डॉक्टर नको म्हणत होत्या. आरशात त्यांना आपल्याच तोंडात खिळ्यांसारखे चार खुंट दिसले. घरी आल्यावर ते जेवायला बसले. भात कालवला, अर्धा ताटात ठेवला आणि उठले.

पक्का ब्रिज बसला तेव्हा मात्र सगळी गल्ली खूश झाली. दात सरळ, एकसारखे, चकचकीत. सुनंदाबाईंनी आरशात त्यांच्या शेजारी उभं राहून म्हटलं, "लग्नात इतके छान नव्हते तुमचे."

नव्हतेच. हिम्मतरावांच्या गेलेल्या दोन दातांपैकी डावीकडचा जरासा पुढे होता आणि त्याची कड झिजून तिथं एक खाच पडली होती. पस्तीस वर्षं माउथपीस त्या खाचेत बसायचा. ही गोष्ट डॉक्टरांना सांगायला हवी होती, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. क्लॅरिओनेट तोंडाला लावलं तर ते नव्या दातांवरून घसरलं, आणि आवाज निघाला तो चिरका, कोंबडी धरल्यासारखा. त्याहून वाईट म्हणजे दातांना काही कळतच नव्हतं. पूर्वी सुराचा थरार दातांतून कपाळापर्यंत जायचा आणि किती दाबायचं ते आपोआप समजायचं. आता तिथं चिनी मातीची कपबशी बसवल्यासारखी होती.

ते वाद्य घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "वाजवा." बाहेर बसलेले दोन पेशंट हसल्याचं आतपर्यंत ऐकू आलं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी माउथपीस कुठं टेकतो ते पेन्सिलीनं दातावर खूण करून पाहिलं, कड अगदी थोडी घासली, गुळगुळीत केली, पुन्हा वाजवायला सांगितलं. असं तीनदा केलं. शेवटी म्हणाल्या, "काका, याहून जास्त घासलं तर टवका उडेल. आता पुढचं तुमच्याकडे."

मलकपेठेत त्यांच्या इमारतीत शेजारी कुरकुरायला लागले, तेव्हा हिम्मतराव रोज सकाळी रेसकोर्सच्या भिंतीलगत एका कडुलिंबाखाली जाऊन बसू लागले. पहिला महिना नुसता एक सूर धरला. ओठ सुजायचे. घासलेल्या सुळ्यातून कधी कळ यायची आणि डोळ्यांत पाणी उभं राहायचं. दुसऱ्या महिन्यात खालचं सप्तक जागेवर आलं. तिसऱ्यात वरचंही आलं, पण तिथं सूर जरा थरथरायचा. दत्तोबांची मांड मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत निघाली, तेव्हा रोज फिरायला येणारे एक मौलवीसाहेब थांबले आणि म्हणाले, "अब हुआ." हिम्मतरावांनी वाद्य पुसून पेटीत ठेवलं आणि तसेच सुलतान बाजारला गेले.

दुकानाच्या गल्लीत शिरले तर आतून क्लॅरिओनेट ऐकू येत होतं. मांडच वाजत होती. त्यांचे पाय थांबले. शिवराजनं दुसरा माणूस ठेवला म्हणायचा, आणि चांगला ठेवला. हे मनात येतंय तोवर दुसऱ्या ओळीनंतर वाजवणाऱ्यानं श्वास घेतला, घाईत, नाक चोंदल्यासारखा. तो श्वास हिम्मतरावांनी ओळखला. तो त्यांचा होता. सहा वर्षांपूर्वी सर्दी असताना घेतलेला.

तेव्हा शिवराजनं त्यांना आठ दिवस दुकानात बसवून, समोर माईक ठेवून, सगळ्या चाली वाजवून घेतल्या होत्या. "काका, बाबांचं हे सगळं तुमच्यापाशीच आहे. उद्या काही झालं तर गेलं म्हणायचं," असं तो म्हणाला होता, आणि हिम्मतरावांना त्याचं कौतुक वाटलं होतं.

आत आदित्य नावाचा कीबोर्डवाला बसला होता. समोर लॅपटॉप. एकेक बटण दाबलं की हिम्मतरावांची एकेक ओळ बाहेर पडत होती. त्यांना पाहून तो उठून उभा राहिला. शिवराजनं खुर्ची पुढे ओढली.

"या काका, बसा. दात मस्त बसले की. चहा सांगतो."

"हे माझं आहे," हिम्मतराव म्हणाले.

"तुमचंच आहे. बाहेरचं काय घेतलं का आपण?"

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही आजारी होता. सीझन थांबतो का? पार्टीला क्लॅरिओनेट पाहिजे म्हणजे पाहिजे." त्याचा आवाज मऊच होता. "काका, मी तुमचं नाव खराब होऊ दिलं नाही. लोक म्हणतात, शिवराज, क्लॅरिओनेट एक नंबर."

हिम्मतरावांनी पेटी उघडली, वाद्य जोडलं आणि मांड वाजवली. आदित्य मान खाली घालून ऐकत होता. वरच्या सप्तकात सूर थरथरला, सावरला. शेवटपर्यंत वाजवून त्यांनी वाद्य मांडीवर घेतलं.

शिवराजनं आधी लॅपटॉपकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुष्कळ मेहनत केली काका तुम्ही. पण खरं सांगू का? लॅपटॉपमधलं चांगलं आहे."

आदित्य उठून बाहेर गेला.

"एक करू," शिवराज म्हणाला. "तुम्ही पुढे उभे राहा. ड्रेस, टोपी, सगळं पहिल्यासारखं. क्लॅरिओनेट तोंडाला लावा, बोटं चालवा. नुसतं स्पीकरमधून आलं की लोकांना बरं वाटत नाही, माणूस दिसायला लागतो. व्हिडिओवाले पण तोंडासमोर कॅमेरा आणतात, आणि तुमचे दात आता काय, बघतच राहावे असे आहेत. फक्त फुंकायचं नक्को. दोन सूर एकमेकांवर आले की घाण होतं. पट्टी काढूनच ठेवा ना, म्हणजे चुकूनसुद्धा वाजणार नाही."

पट्टी म्हणजे माउथपीसला बांधलेली वेताची बारीक चीप. ती नसली तर क्लॅरिओनेट म्हणजे नुसती लाकडाची नळी. पस्तीस वर्षांत हिम्मतरावांना असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी उठून निघून जायला हवं होतं. रस्ताभर, मलकपेठेच्या बसमध्ये उभ्यानं, ते स्वतःला हेच सांगत होते. पण त्यांनी 'बघतो' म्हटलं होतं. कडुलिंबाखालूनच त्यांनी सुनंदाबाईंना फोन केला होता, त्यामुळे सगळ्या ओळखीच्यांना माहीत होतं की हिम्मतराव आज दुकानात जाणार. सुनंदाबाई दारात वाट पाहत उभ्या होत्या.

"काय म्हणाला शिवराज?"

"शुक्रवारी बरात आहे," हिम्मतराव म्हणाले.

सुनंदाबाईंनी खाली-वर सगळ्या मजल्यांवर सांगितलं. ड्रेस धुऊन इस्त्री केला.

शुक्रवारी त्यांनी पट्टी काढली. वाद्य तोंडाला लावलं आणि आदित्यच्या बटणांबरोबर बोटं चालवली. एकही बोट चुकलं नाही, कारण चुकण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते स्वतःच्याच मागे मागे चालत होते. सर्दीतला श्वास आला की तेही खांदे उचलायचे. पुढच्या महिन्यात अशा अकरा वराती झाल्या. एका नवरीच्या बापानं त्यांच्या पाया पडून सांगितलं की असं वाजवणारे आता राहिले नाहीत. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कडुलिंबाखाली जाणं त्यांनी कधी बंद केलं, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

मग एकदा वरात मलकपेठेतूनच गेली, त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून. उन्हं कलली होती. सुनंदाबाई शेजारणींना घेऊन कोपऱ्यावर उभ्या होत्या. हिम्मतरावांनी त्यांना पाहिलं आणि डोळे मिटून घेतले, सुरात रंगल्यासारखे.

घरी आले तेव्हा सुनंदाबाईंनी जेवण गरम करून ठेवलं होतं. ताट वाढताना म्हणाल्या, "छान वाजवलंत. अगदी पहिल्यासारखं."

हिम्मतराव ताटाकडे बघत राहिले. "मी वाजवलं नाही," ते म्हणाले. "ते रेकॉर्डिंग आहे. जुनं."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तीस वर्षं बघते. तुमचे गाल फुगत नव्हते."

"मग छान वाजवलं कशाला म्हणालीस?"

सुनंदाबाईंनी आमटीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "मग काय म्हणायला पाहिजे होतं मी? शेजारणींसमोर रडायला पाहिजे होतं?" थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "डोळे मिटलेत ना, ते नव्हते मिटायचे. तेवढं मला लागलं."

त्या दिवशी दोघांनीही पोटभर खाल्लं नाही.

ते सोडतील असं सुनंदाबाईंना वाटलं होतं. त्यांनी सोडलं नाही. सीझन संपला. नंतर डाव्या सुळ्यात ठणका लागला, डॉक्टरांनी टोपीला भोक पाडून नस काढली आणि विचारलं, "वाजवताय ना काका रोज?" हिम्मतरावांच्या तोंडात कापूस होता. त्यांनी मान हलवली, ती हो की नाही हे डॉक्टरांना कळलं नसावं.

पुढच्या वर्षी लग्नं सुरू व्हायच्या आधी शिवराजनं एका माणसाला मलकपेठेला त्यांच्या घरी पाठवलं. विकास त्याचं नाव. चाळिशीचा, उंच, मिशा राखलेला, आधी एका मॉलमध्ये गार्ड होता. चिठ्ठी वगैरे नव्हती, फोन आला. "काका, तुमची तब्येत बरी नसते. आता आराम करा. याला जरा बोटं दाखवा चार-पाच गाण्यांची. खोटं वाटायला नको."

सुनंदाबाई दार धरून उभ्या राहिल्या, आत ये म्हणाल्या नाहीत. हिम्मतरावच म्हणाले, "येऊ दे."

त्यांनी विकासला समोर बसवलं. पेटीतून क्लॅरिओनेट काढलं, पट्टी बांधली, ओली केली, आणि त्याच्या हातात दिलं. "आधी फुंक. वरचे दात इथं टेकव, खालचा ओठ दातांवर घे. एक सूर आला म्हणजे पुढे जाऊ."

विकासनं वाद्य उलटसुलट करून पाहिलं. माणूस वाईट नव्हता. संकोचून म्हणाला, "काका, मला फुंकायचं नाही. शिवराजसेठनी फक्त बोटं सांगितलीत."

हिम्मतरावांनी पट्टी सोडवून पेटीत ठेवली. मग त्यांनी त्याची बोटं एकेक करून भोकांवर ठेवली. विकास दोन दिवस आला, चार गाण्यांची बोटं शिकला, आणि तेवढ्यावर काम भागत होतं म्हणून तिसऱ्या दिवशी आला नाही.