शिळेला फुटलेला घाम

"फुटला! घाम फुटला!"

विमा एजंट ओरडले तशी मागची सगळी रांग माना उंचावून बघू लागली. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या दुकानामागचा तो हॉल माणसांनी गच्च भरला होता. प्रत्येकाच्या मांडीवर चालू लॅपटॉप आणि त्याला तांबड्या मखमलीचं घट्ट गाठोडं. पुढे चौरंगावर एक काळी गुळगुळीत शिळा, शिळेवर एजंटचा लॅपटॉप, आणि शिळेच्या काठाकाठाने खरोखरच पाण्याचे बारीक थेंब.

"बघा," लहरीबाबा डोळे मिटून म्हणाले. पांढरा सदरा, गळ्यात माळेसारखा अडकवलेला हेडफोन, आवाज लोण्यासारखा. "दुसऱ्याची पिशवी उचलली तरी आपल्याला घाम येतो. या माउलीने तर तुमच्या यंत्राचं अख्खं दुखणं उचललंय. आता चालवा."

एजंटनी चालवला. मघाशी एक पान उघडायला कुंथणारा लॅपटॉप आता घोड्यासारखा धावला. टाळ्या पडल्या. दातांच्या डॉक्टरीणबाई रांगेत होत्या, त्यांनी तर हात जोडले.

भिंतीला टेकून उभी असलेली ताई मात्र शिळेकडे बघत होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. आई आणि धाकट्या बहिणीबरोबर ती आली होती ती "तू नुसती गप्प उभी राहा" या अटीवर. गप्प ती होतीच. फक्त तिच्या भुवया गप्प नव्हत्या.

धाकटीचा नंबर आला. तिचं काम होतं छोट्या कार्टूनपटांचं. एका मोठ्या स्टुडिओने तिला नमुना म्हणून दोन मिनिटांची फिल्म मागितली होती, ती शुक्रवारपर्यंत पोचली तर नोकरी. आणि ऐन वेळी लॅपटॉपने अंग टाकलं होतं. दुरुस्तीवाल्याने दोनदा तपासून "ठणठणीत आहे, नेऊन चालवा" म्हणून परत दिला होता. त्याच्या दुकानात तो चालायचा, घरी आला की रडायचा.

"मखमल काढा," बाबा म्हणाले. "ऊब मिळाली ना त्याला? रडणाऱ्या लेकराला आधी कुशीत घ्यावं लागतं, औषध नंतर."

धाकटीने फिल्म लावली. पडद्यावरच्या बदकाच्या पिल्लाने तळ्यात उडी मारली आणि ते मधल्या मध्ये, हवेतच अडकलं. आतला पंखा घोंघावत होता. "अंगात आलंय याच्या," मागून कोणीतरी कुजबुजलं. मदतनीस पडद्याआडून नवी शिळा घेऊन आला. तिच्यावर लॅपटॉप ठेवला गेला. बाबांनी लहरींवर लांबलचक प्रवचन दिलं: यंत्राला मन असतं, मनाला मेमरी असते आणि मेमरीत माणसं अडकतात. प्रवचन संपेपर्यंत शिळेला घाम आला. पंखा निवला. पिल्लू छपकन पाण्यात पडलं.

"पण हे टिकणार नाही," बाबांनी सुस्कारा सोडला. "घरात विश्वास न ठेवणारं कोणी आहे?"

धाकटीने मान खाली घातली. आईने वळून ताईकडे पाहिलं. बाबांना तेवढं पुरलं.

"ती व्यक्ती घरी असली की यंत्र मंदावतं. बरोबर?"

धाकटी चमकली. "हो... अगदी बरोबर."

"संशयाच्या लहरी, बेटा. काम होईपर्यंत ती व्यक्ती आणि यंत्र एका छपराखाली नकोत."

ताईला हसू आलं. विश्वास न ठेवणारं एकही माणूस नाही असं घर कुठे आहे? पण धाकटीचा चेहरा बघून तिचं हसू जागच्या जागी विरलं.

घरी आल्यावर आईने चहा टाकला आणि विषय काढला. आईची पद्धत तीच होती, कडू गोष्ट गोड चहाबरोबर.

"चार दिवस मावशीकडे जाऊन राहतेस का गं? ती किती दिवस बोलावतेय."

"मावशी मला कधीच बोलावत नाही. मी तिचं प्रत्येक औषध काय आहे ते विचारते म्हणून."

"तेच! तुझं तेच!" आईने कप आदळला. "हिच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुला चेष्टा सुचतेय."

"आई, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, म्हणून काय कावळ्याला घराबाहेर काढायचं?"

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "बाबांनी सांगायच्या आधीपासून मला माहीत होतं. तू शाळेत असतेस तेव्हा चांगला चालतो. संध्याकाळी तू आलीस की थोड्या वेळात बसतो. रविवारी तर दिवसभर. मी बोलले नाही. तुला वाईट वाटेल म्हणून." तिचे डोळे भरून आले. "मला तू जायला नकोयस. पण मला ती नोकरी हवी आहे गं."

ताईने कप खाली ठेवला. बाबा काय बोलले ते तिने उडवून लावलं असतं. पण ही धाकटी बोलत होती आणि धाकटी खोटं बोलत नव्हती. रोज तोच कावळा आणि रोज तीच फांदी असेल, तर कावळ्याने निदान फांदीकडे बघायला हवं.

"जाते," ताई म्हणाली. "पण उद्या रविवार आहे. उद्याचा दिवस मला घरात राहू दे. संध्याकाळी तू सांगशील तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. घरात टेबल तेवढं एकच. ताई खुर्ची ओढून अगदी खेटून बसली.

"काय करतेयस?"

"संशय घेतेय. मनापासून. तू काम कर."

लॅपटॉप सुरळीत चालला. ताईने अधूनमधून त्याच्याकडे रोखून पाहिलं, एकदा तर "तुझ्यावर माझा काडीचा विश्वास नाही" असं तोंडावर सांगितलं. पंखा शांत. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "आज तुझा संशय कमी पडतोय."

"आई, याहून जास्त संशय माणसाला झेपत नाही."

जेवणं झाली. ताईला शाळेचे पेपर तपासायचे होते. तिने गठ्ठा आणून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला, लाल पेनाचं टोपण काढलं. धाकटी काही न बोलता उठली, लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेली आणि पलंगावर पसरली. हे इतकं सवयीचं होतं की ती उठली हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

चार पेपर तपासून झाले असतील नसतील, आतून घोंघाट सुरू झाला.

"ताई! बघ! बसला!"

ताईचा पेन थांबला. ती आत गेली. धाकटी पालथी पडलेली, समोर जाडजूड दुलईच्या खळग्यात लॅपटॉप, अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा.

"तू आत का आलीस?"

"तुला टेबल लागतं ना पेपरांना."

"रोज येतेस?"

"तू आलीस की येते. तुझा गुडघा दुखतो, तुला कुठे पलंगावर मांडी घालून बसवतं?"

ताई पायांत चपला सरकवून दाराकडे गेली. "मी खाली जाऊन एक फेरफटका मारून येते. तू तिथून हलू नकोस. लॅपटॉपही हलवू नकोस."

ती रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन, भाजीवाल्याशी भावावरून हुज्जत घालून सावकाश परत आली. लॅपटॉप अजून घोंघावतच होता.

"मी घरात नव्हते. मग हा सुधारला का नाही?"

"लहरी मागे राहिल्या असतील," आई दारातून म्हणाली. पण या खेपेला आवाजात जोर नव्हता.

"बरं. आता मी घरातच राहते आणि फक्त जागा बदलते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही."

पेपर जमिनीवर गेले, लॅपटॉप टेबलावर आला. ताई पुन्हा खेटून बसली. आईही येऊन मागे उभी राहिली. हळूहळू पंखा निवला आणि थोड्याच वेळात बदकाचं पिल्लू निमूटपणे पोहू लागलं.

ताईने तो बंद करून उलटा केला. पोटाखाली बारीक फटींची जाळी होती आणि तिच्यात दुलईचा कापूस चिकटलेला. "हा इथून हवा ओढतो. दुलईत रुतवला की याचं नाक दाबलं जातं. फार तापला की जळू नये म्हणून हा आपणहून चाल कमी करतो. आपल्याला ताप आला की आपण जिने पळत चढतो का?"

"म्हणजे तुझ्यामुळेच होत होतं," धाकटी ओलसर डोळ्यांनी हसली.

"माझ्यामुळेच. पण लहरींनी नाही, टेबल अडवून. ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर..."

"सगळं पटलं," आई मध्येच म्हणाली. "पण शिळेचा घाम? तो मी या डोळ्यांनी बघितला."

ताईने न्हाणीघराच्या उरलेल्या फरश्यांतली एक आणली, धुतली आणि फ्रिजमध्ये ठेवली.

"अगं, दुधाशेजारी फरशी?"

"बाबांची शिळा कशाशेजारी असते कोण जाणे."

चहाच्या वेळी तिने फरशी काढून टेबलावर ठेवली. हवेतली वाफ गार फरशीवर जमली आणि आईच्या डोळ्यांदेखत थेंब उमटले. आईने बोट फिरवून पाहिलं. मग ती बराच वेळ गप्प बसली. आईचं गप्प बसणं घरात चांगलं मानलं जात नसे.

सोमवारी संध्याकाळी ताई शाळेतून थेट लहरीबाबांच्या हॉलवर पोचली ती आईच्या फोनमुळे: "ये लवकर. मी रांगेत आहे." हॉल पहिल्यासारखाच भरलेला, विमा एजंट आणि डॉक्टरीणबाईही पुन्हा रांगेत. आईचा नंबर आला. तिच्या हातात काहीच नव्हतं.

"यंत्र कुठाय, माउली?" बाबांनी विचारलं.

"यंत्र राहू द्या. तुम्ही नुसती शिळा मांडा."

"नुसती?"

"नुसती. दर्शन घेते."

मदतनीसाने पडद्याआडून शिळा आणली. दर्शनाला नाही कसं म्हणणार? आई हात जोडून बसून राहिली. बाबांनी घसा खाकरला, लहरींवर दोन वाक्यं टाकली. आई हलेना. रांग चुळबुळू लागली. आणि कोणाचंही यंत्र अंगावर नसलेल्या त्या शिळेला काठाकाठाने घाम फुटला.

"बाबा," आई खणखणीत आवाजात म्हणाली, "आत्ता हिने कुणाचं दुखणं उचललं हो?"

बाबांनी पापणीही लवू न देता सांगितलं, "तुमच्या संशयाचं!"

"माझा संशय कालच संपलाय. आता खात्री आहे." आई उठली आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरावं तशी पडदा सारून आत गेली. आतून तिचा आवाज आला, "अगंबाई, सरबताच्या बाटल्यांशेजारी तीन शिळा! आणि बर्फाच्या कप्प्यात अजून एक, राखीव!"

पहिल्यांदा हसले ते विमा एजंट. मग डॉक्टरीणबाई. मग हसू रांगभर पसरलं.

"फ्रिज हे ऊर्जा साठवण्याचं आधुनिक..." बाबांनी सुरुवात केली, पण ते वाक्य पुढे गेलंच नाही. हेडफोन सावरत ते मागच्या दाराकडे बघू लागले.

"पण माझा लॅपटॉप इथे खरंच सुधारला होता," एजंट म्हणाले. "ते कसं?"

ताईने त्यांच्या मांडीवरचं गाठोडं उचललं. "हात लावून बघा. चालू लॅपटॉप मखमलीत गुंडाळून तासभर मांडीवर धरला की तो तापणार, तापला की मंदावणार. आजार इथेच दिला जातो. मग गार दगडावर ठेवला की उतरतो. घरी तो कशाने मंदावतो, ते इथे कोणी बघितलंच नाही."

"मग तुम्ही बघा ना!" कोणीतरी म्हणालं. बघता बघता रांग वळून ताईसमोर उभी राहिली, लॅपटॉप पुढे करून. "बाई, माझा का हळू आहे?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाली.

लोकांचे चेहरे पडले. बाबांना तर सगळं माहीत होतं.

"खरंच माहीत नाही. आमचा तापत होता. तुमचा कदाचित जुना झाला असेल, भरून गेला असेल, नाहीतर एकाच वेळी दहा कामं करत असेल. घरी जा, उलटा करून बघा, बंद करून पुन्हा चालू करा, काय केल्यावर काय होतं ते बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीच जमलं तर दुरुस्तीवाल्याला नुसता लॅपटॉप देऊ नका, तो कुठे आणि कसा वापरता तेही सांगा. पण न बघताच ज्याला कारण माहीत असतं, त्याच्याकडे जाऊ नका. आणि त्याने कारण म्हणून घरातल्याच माणसाचं नाव सांगितलं, तर त्या माणसाला घराबाहेर काढण्याआधी निदान एक रविवार त्याच्याशेजारी बसून बघा."

विमा एजंट आपल्या बायकोकडे वळले. ती रांगेत चार माणसं सोडून उभी होती. गेल्या आठवड्यात बाबांनी तिचंच नाव घेतलं होतं. एजंटनी मखमल काढून चौरंगावर टाकली, लॅपटॉप काखेत मारला आणि ते खाली बघतच म्हणाले, "चल, घरी जाऊ."