शेळीच्या पिशवीतला सोनेरी फुगवटा

मी शेळीच्या गर्भपिशवीतला एक फुगवटा बोलतोय. ऐकून नाक मुरडू नका! पिशवीला आतून अस्तर असतं, त्यातल्या एका पेशीच्या माथ्यावर मी उगवलो. मोहरीच्या दाण्यावर आम्ही हजारोंनी मावू, इतका बारीक.

आमची जात दोन-चार दिवसांची पाहुणी. गर्भ रुजायच्या सुमाराला यायचं आणि जायचं. उंदरातले आमचे भाऊबंद पिशवीतलं पाणी पितात. बाईच्या पिशवीतले म्हणे पीत नाहीत, नुसते उभे असतात. आणि शेळीत आम्ही असतो की नाही, यावर ठाकुर्लीच्या कल्पिताची पीएचडी अडलेली.

शीळफाट्याला तिच्या काळुरामकाकाकडे लग्नाची हळद होती. हळदीला मटण हवंच. कल्पिताने सांगून ठेवलेलं, "काका, शेळी कापलीस तर पिशवी मला ठेव." काकाने ठेवली, पण पोटातली वजरी घासूनपुसून साफ करतात तशी करून!

"मीठ लावून चोलून धुतलीय गो पोरी. बघ कशी चकचकीत!"

"अरे काका, धुवायचीच नव्हती रे! मला बघायचं ते आतल्या अस्तरावरच होतं!"

"मना काय म्हाईत? घान कशी देऊ तुला?" काका बिचारा खजील झाला.

माझे सगळे भाऊबंद मोरीत वाहून गेले. मी एका घडीत दडलेलो, म्हणून वाचलो.

ठाण्याच्या प्रयोगशाळेत मला वाळवलं, नीट उठून दिसावं म्हणून वर सोन्याचा मुलामा दिला. हळदीच्या नवरीच्याही अंगावर एवढं नखशिखांत सोनं नसेल! सूक्ष्मदर्शकात मी दिसताच कल्पिता ओरडली, "मॅडम, आहे!"

तिच्या मार्गदर्शक सुमती मॅडमनी पाहिलं. "मिठाने उठलेला फोड आहे हा. प्रबंधात चालणार नाही."

मी फोड? असा राग आला! पण मला तोंड कुठलं?

दुसऱ्या दिवशी कल्पिता म्हणाली, "मॅडम, मी याला कापून बघते. फोड असेल तर आत पोकळ निघेल. खरा असेल तर आतून पेशीशी जोडलेला दिसेल."

"एकच आहे. काप चुकला तर हाही जाईल. अशा नेमक्या दिवसांतली शेळी परत कुठून आणशील?"

"जाऊ दे. नाहीतर मला तरी कसं कळणार?"

कापताना हलू नये म्हणून आता मी राळेच्या खड्यात घट्ट बसलोय. समोर काचेची सुरी आहे. कल्पिता ती पुढे आणते, पुन्हा मागे घेते.

अगं, घाबरू नकोस. सोनं वरवरचं आहे, पण माझा देठ खाली पेशीत गेलाय. काकाच्या मिठातून मी उगाच नाही वाचलो. काप.