साडेतीन किलोंचे उत्तर

मित्रांनो, माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात पाच वर्षे एक पत्र पडून होते. तंजावरहून आलेले, निळ्या शाईतले. सोबत एक फ्लॉपी होती. अंबुजाने ते आपल्या थोरल्या काकांना, म्हणजे पद्मनाभरावांना लिहिले होते आणि काकांनी त्याला उत्तर दिले नव्हते. मी त्या काकांच्या घरातला लॅपटॉप, वयाने जुना आणि वजनाने साडेतीन किलो. माझी गोष्ट मी रागाने सांगणार आहे. रागावणे मला नीट जमेल की नाही, ठाऊक नाही. पण यापुढे गप्प राहवत नाही.

मी परदेशात तयार झालो. तिथल्या एका इंजिनियरने मला दोन वर्षे भरपूर राबवले. तेव्हा मला बरे वाटायचे. मग चौऱ्याण्णव साली मी कुंभकोणमला सेतूच्या जुन्या संगणकांच्या दुकानात आलो. काचेच्या कपाटात माझ्या शेजारी दुसरा एक लॅपटॉप होता. वजन पावणेदोन किलो, दिसायला देखणा. पण त्याची मेमरी माझ्या निम्मी होती आणि वेगही बेताचा. गिऱ्हाईक आले की त्याला एका हाताने उचलून म्हणे, "अबब, पिसासारखा!" मला उचलले की नुसतेच "अबब" म्हणे.

अंबुजा तेव्हा तंजावरच्या एका खासगी बस कंपनीसाठी प्रोग्राम लिहीत होती. चाळीस गाड्या, शंभरावर ड्रायव्हर-कंडक्टर, कोणी कधी कुठल्या गाडीवर जायचे ते तिचा प्रोग्राम जुळवून देणार होता. संक्रांतीनंतर कंपनीच्या मालकांना तो चालवून दाखवायचा होता. आवडला तर तिला कायमचे काम मिळणार होते. तिने काकांना लिहिले:

"काका, सेतूमामांकडे दोन लॅपटॉप आहेत. अप्पा म्हणतात, हलका घे, बसमध्ये पोरीच्या खांद्याला सोसेल. माझे मन जडाकडे आहे. माझा प्रोग्राम मोठा आहे, हलक्यात मावणार नाही असे वाटते. सोबत पाठवला आहे. अप्पा तुमचा शब्द मोडत नाहीत. एक ओळ लिहा."

एक ओळ! काकांनी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केले होते. संगणकावरचे एकही मासिक त्यांनी वाचल्याशिवाय कपाटात लावले नव्हते. उत्तर त्यांना पत्र वाचतानाच ठाऊक होते. पण आपण फक्त वाचलेले, आपल्याला काय कळते, भावाला राग आला तर, असे करत आठ दिवस गेले. चार कागद फाडले.

उत्तर आले नाही तेव्हा अप्पांनी, म्हणजे अंबुजाच्या वडिलांनी, व्यंकटेशने, घरच्या रीतीप्रमाणे फूल लावायचे ठरवले. लग्न जुळवताना, घर घेताना ही तंजावरकडची मराठी माणसे असेच करतात. एका पुडीत पांढरे फूल, दुसरीत तांबडे. दोन्ही देवापुढे ठेवायच्या आणि एक उचलायची. सेतूने आम्हा दोघांना गाडीत घालून तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकापुढे, इकडच्या भाषेत पिल्लैयारापुढे, नेले. पांढरे फूल म्हणजे हलका, तांबडे म्हणजे मी. अंबुजाची आई मंगला हिने डोळे मिटून पुडी उचलली. आत पांढरी तगर निघाली.

"पांढऱ्या पिल्लैयारापुढें तांबडें कसें येईल, अक्का?" सेतू हसला. सगळे हसले.

अंबुजा हसली नाही. ती खांबाला टेकून उभ्या असलेल्या काकांकडे बघत होती. काका खांबावरच्या दगडी हत्तीकडे बघत होते.

मला सांगा, मित्रांनो, कोणाला राग येणार नाही? विनायकावर माझा राग नाही. त्याला प्रोग्राम लिहायचा नव्हता. जिला लिहायचा होता तिला मात्र कोणी विचारले नाही, आणि ज्यांना विचारले होते ते बोलले नाहीत.

पण पुढचे ऐका. चार दिवसांनी काका गुपचूप सेतूच्या दुकानात आले आणि मला विकत घेऊन गावातल्याच मेलकावेरी भागातल्या आपल्या घरी गेले. अंबुजाची फ्लॉपी त्यांनी माझ्यात घातली. तिचा सगळा प्रोग्राम मी चार मिनिटांत चालवून दाखवला. काकांचे डोळे भरून आले. संक्रांतीला अजून बारा दिवस होते. मला वाटले, आता हे मला घेऊन तंजावरची बस धरतील. त्यांनी मला धुतलेल्या धोतरात गुंडाळले आणि कपाटात ठेवले. पत्र माझ्याच पिशवीत टाकले.

पुढे काय झाले ते मी कपाटातून ऐकले. व्यंकटेश येऊन सांगत होता, हलक्या लॅपटॉपने अर्धा तास घेतला आणि मेमरी पुरत नाही असे सांगून तो थांबला. मालक घड्याळ बघून उठले. "पोरीचा प्रोग्रामच चुकला असेल," व्यंकटेश म्हणाला. काका म्हणाले, "असेल." असेल! अंबुजा तेव्हापासून एका क्लासमध्ये टायपिंग शिकवते.

पाच वर्षे मी धोतरात होतो. दर दसऱ्याला काका मला बाहेर काढून पुसायचे, गंध लावायचे आणि परत ठेवायचे. मित्रांनो, याला काळजी घेणे म्हणू नका. माझी बॅटरी त्या धोतरातच मेली.

गेल्या मंगळवारी व्यंकटेश पुन्हा आला. हातात कॉफीचा पेला घेऊन म्हणाला, "अण्णा, अंबुजेला चेन्नईचें काम येतें आहे. जुन्या प्रोग्रामांत दोन हजार सालच्या तारखा दुरुस्त करायच्या, घरीं बसून. लॅपटॉप मात्र स्वतःचा पाहिजे. सेतूकडे पुन्हा दोन आहेत, एक हलका, एक जड. शुक्रवारीं फूल लावूं. ह्या खेपेला पुडी तूं उचल."

"मी?"

"घरांत थोरला कोण? तूंच की."

"अंबुजा काय बोलते?"

"काय बोलेल? काकांना विचारून झालें एकदां, म्हणते. अय्यो, आतां ती कोणालाच विचारीत नाहीं."

काकांनी आपल्या पेल्यातली कॉफी ढवळली. मग म्हणाले, "सरी." म्हणजे बरे! माझ्यात वीज असती तर मी त्यांना चटका दिला असता.

व्यंकटेश गेल्यावर कपाट उघडले. काकांनी मला सोडवले, भिंतीच्या विजेला जोडले आणि ती फ्लॉपी घातली. पडद्यावर एक आडवी रेघ आली होती, तरी प्रोग्राम चार मिनिटांत झाला. त्यांनी पुन्हा चालवला. चार मिनिटे. पुन्हा! आता आणखी किती वेळा, अहो? मग त्यांनी जुने पत्र काढले आणि आंतर्देशीय पत्रावर लिहू लागले. या वेळी कागद फाडला नाही.

"चि. अंबुजेस आशीर्वाद. तुझ्या पत्राचें उत्तर. ताकदीचा घे. तेव्हांही हेंच उत्तर होतें. मला ठाऊक होतें आणि मीं लिहिलें नाहीं. तुझा प्रोग्राम बरोबर होता. माझ्याकडे चार मिनिटांत चालतो, आज तीनदां पाहिला. शुक्रवारीं देवळांत येईन, पण पुडी उचलणार नाहीं. काय झालें तें व्यंकटेशाला सर्वांसमोर सांगेन."

त्यांनी पत्र माझ्याच पिशवीत घातले आणि मला खांद्याला लावून निघाले. अडुसष्ट वर्षांचा माणूस! वाटेत दोनदा खांदा बदलला. पोस्टातल्या विशालाक्षीबाईंनी डिंकाची बाटली पुढे करत तमिळमध्ये विचारले, "काय सार, पिशवीत दगड भरलेत का?"

काका एरवी अशा प्रश्नाला मान खाली घालतात. आज ते थांबले. पत्र उलगडले, पेन काढले आणि खाली एक ओळ जोडली.

"वजनाचें विचारशील. मीं आज हा घरापासून पोस्टापर्यंत उचलून आणला. सोसतो."

मित्रांनो, मी अंबुजाला मिळणार नाही. आता माझ्याहून दसपट ताकदीचे लॅपटॉप निघाले आहेत आणि तिने त्यातलाच घ्यावा. तुमच्या घरी कपाटात कोणी गुंडाळून ठेवलेला असेल तर त्याला बाहेर काढा. गंध लावू नका, कामाला लावा. आणि कोणी तुम्हाला विश्वासाने काही विचारले, तर आठ दिवस कागद फाडत बसू नका. माझा राग अजून गेलेला नाही.

काकांनी कडा चिकटवल्या, पत्ता दोनदा वाचला. बाहेरच्या तांबड्या पेटीवर दुपारच्या टपालाची वेळ लिहिली होती, तिला अजून वीस मिनिटे होती. हात क्षणभर पेटीच्या तोंडाशी अडला. मग पत्र आत पडले.