पाण्याखालची विहीर

धाडच्या बाजारगल्लीत मलिहाचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. तिथं पांढरा पडदा आणि दोन दिवे, त्यामुळे उजेड तिच्या हातात असतो. बाहेरचा उजेड मात्र कुणाचं ऐकत नाही, म्हणून तिला त्याचंच कुतूहल. सप्टेंबरात गावाबाहेरचा पाझर तलाव भरला, तशी ती दुकान उघडण्याआधी कॅमेरा घेऊन तिथं जाऊ लागली.

आठ दिवसांत शंभरावर फोटो झाले. स्वच्छ आभाळ, निळं पाणी, पलीकडे टेकडी. सगळे नीट आले होते, पण एकातही जीव नव्हता.

तलावाच्या भिंतीवर साठीच्या बेबीताई रोज शेळ्या चारायला येत. एकदा त्यांनी कॅमेऱ्यात डोकावून विचारलं, यात विहीर कुठं आहे? मग काठापासून वीसेक पावलांवरची पाण्यातली जागा दाखवली. तलाव होण्याआधी तिथं त्यांच्या वडिलांचं शेत होतं, आणि विहिरीचं दगडी तोंड अजून पाण्याखाली शाबूत होतं.

मलिहाला चकाकत्या पाण्याशिवाय काही दिसेना.

"आज नाही दिसाची," बेबीताई म्हणाल्या. "समोर टेकडीवर काया ढग पाह्यजे अन् पाठीमागून ऊन. तवाच दिसते."

काळ्या ढगाने तर अंधार होतो, मग दिसतं कसं, हे मलिहाला कळेना. त्याच संध्याकाळी ती दुकानाबाहेर उभी होती. शोकेसच्या काचेत सगळा रस्ता उमटला होता, आतल्या फ्रेमा दिसत नव्हत्या. एवढ्यात तिची अम्मी, अमीना, काळ्या बुरख्यात काचेसमोर येऊन थांबली. जिथं अम्मीची काळी सावली उमटली, तिथं आतले फोटो लख्ख दिसले. मलिहा कितीतरी वेळ अम्मीला इकडे सरक, तिकडे सरक म्हणत राहिली.

त्यानंतर बारा दिवस रोज सकाळी ती तलावावर ढगाची वाट पाहत बसली. कधी पांढरं आभाळ यायचं आणि पाणी दुधासारखं, झोपाळू दिसायचं. कधी वारा सगळंच विस्कटून टाकायचा. तेराव्या सकाळी टेकडीवर शाईसारखा ढग चढला. मागून कोवळं ऊन आलं. समोरचं पाणी काळं पडलं आणि त्याच्या पोटात एक हिरवट दगडी गोल हळूहळू वर आल्यासारखा दिसला. एका बाजूचा दगड तुटलेला होता.

बेबीताई जवळ येऊन उभ्या राहिल्या. "त्या तुटक्या दगडाजोळ माही माय घागर ठेवे," त्या म्हणाल्या.

मलिहाने भानावर येऊन फोटो काढले. दहा मिनिटांत ढग सरला, पाणी पुन्हा निळं झालं. तेही तिने टिपलं.

पुढच्या आठवड्यात तिने दोन्ही फोटो मोठे करून नेले आणि घरासाठी कोणता हवा ते विचारलं. बेबीताईंनी विहिरीचा फोटो बराच वेळ हातात धरला. मग परत दिला.

"हा लोकायले दाखव. मले निळा दे. रोज उठून त्या इहिरीत पाहाचं म्हणजे..."

मलिहाने निळा फोटो त्यांच्या हाती दिला. आपण ज्याला निर्जीव म्हणत होतो त्यात त्यांना काय दिसत असेल, हे तिला विचारावंसं वाटलं, पण तिने विचारलं दुसरंच. धुक्यात हे तळं कसं दिसतं?

"धुक्यात ध्यान शेळ्याइकडं रायते," बेबीताई म्हणाल्या. "पाण्याकडं कधी पाह्यलंच नाही. थंडीत ये, दोघी पाहू."