वाटेत राहिलेली सातवी

“टोपलं डोक्यावर घेतलं का मागं पाहाचं नाई, बयना. अन् नव्या इहिरीपर्यंत सबुदबी काढाचा नाई.”

कौशल्याबाईचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. तरी मला ‘ती’ म्हणा. तामसीच्या शिवारात विहिरीकाठच्या आम्हा सात दगडांना साती आसरा म्हणत, पाण्यातल्या बहिणी. भर दुपारी एकटं पोर विहिरीवर गेलं की आसरा ओढून नेतात, असं आया सांगत. आम्ही कुणाला ओढलं नाही. पण त्या भीतीने पोरं काठापासून दूर राहत, म्हणून ती गोष्ट आम्हाला आवडे.

निजामाचं राज्य होतं. जुनी विहीर आटली, तेव्हा कौशल्याबाईची सून बयनाबाई आम्हाला शेंदूर लावून नव्या विहिरीकडे घेऊन निघाली. मोहाच्या झाडापाशी तिला ठेच लागली आणि मी टोपल्यातून घसरले. तिने ऐकलं. पाय थबकले. पण मागे पाहायचं नव्हतं. ती तशीच पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यापाशी येऊन बसली. “सासूआत्या म्हनते, तू रुसली. सपनात येऊन ‘ने’ म्हनशीन तवाच हात लावाचा. ये वं माय. नेईन तुले. तुझी जागा रिकामीच ठेवीन.”

मित्रांनो, मी रुसले नव्हते, नुसती घसरले होते. आणि स्वप्नात कसं जायचं, हे दगडाला कोण शिकवणार?

पावसाने माझा शेंदूर धुऊन नेला. वाटसरू माझ्यावर टेकत. तेलुगू बोलणारा ताडीवाला दय्यम नावाच्या भुताची गोष्ट सांगे, घोड्यावरचा शिपाई जिन्नाची, गोंड म्हातारा डोंगरातल्या देवाची. एकमेकांची भुतं ऐकून सगळे सारखेच दचकत. मला वाटे, माझ्या सहा बहिणींची गोष्टही कुणी सांगावी. ती फक्त बयनाबाईला ठाऊक होती. बाजाराला जाताना ती माझ्यावर तांब्याभर पाणी ओती, अंगावरच्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवी. “काऊन वं, अजून रागातच काय?” असं हसून विचारी आणि पदराने डोळे टिपी.

तिचे केस पिकले. मग सरकारी सडक आली. मजुरांनी दगडांचा ढीग रचला, त्यात मीही गेले. “कल ये सब फोड डालो,” मुकादम म्हणाला.

तेवढ्यात बाजाराहून परतणारी बैलगाडी थांबली. मोहापाशी मी दिसले नाही, तशी बयनाबाई खाली उतरली. ढीग उपसू लागली. माझ्या अंगावरची पांढरी रेघ दिसली, तशी तिने मला छातीशी धरलं.

“सपन पडलं काय?” गाडीवरून तिचा नवरा नागोराव म्हणाला.

“नाई.”

“मंग? आई वरतून शिव्या देईन ना!”

“देऊ द्या. रुसल्या बहिणीले आपुन आनाले जा लागते. मी तिलेच सपनात ये म्हनत बसली.”

मित्रांनो, वाटेवरच्या दगडाला लाथ मारण्याआधी थोडं थांबा. आणि कुणी मागे राहिलं, तर ते रुसलं असेल म्हणून वाट पाहत बसू नका. एकदा जाऊन विचारा.

बयनाबाईने टोपल्यातला बाजार गाडीत ओतला. लिंबाचा पाला अंथरून मला वर ठेवलं. मग ती बोलली नाही. टोपलं डोक्यावर घेऊन ती विहिरीच्या वाटेला लागली. मागे पाहिलं नाही. फक्त तिचा एक हात या वेळी माझ्यावर होता.