वासाची तक्रार

“वास नाहीये, आजी,” मी छातीठोकपणे सांगितलं आणि पाना पिशवीत टाकला.

धुळ्यात, देवपुरातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पाइपचा गॅस येऊन चारच महिने झालेले. धुरपदाबाईंनी आठ दिवसांत तिसऱ्यांदा तक्रार लावली होती. मीटर, रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, सगळ्या जोडांवर मी साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही. ओट्याखालची रबरी नळी तपासायची तर पिठाचे डबे बाहेर काढावे लागणार होते. ते कोण करतो? दुसरा कोणी असता तर त्यानं नुसतं वाकून हुंगलं असतं. पण हुंगायला नाक हवं.

माझं नाक कोरोनात गेलं ते परत आलंच नाही. बायको सोडून हे कुणाला ठाऊक नाही. ट्रेनिंगला आमच्याकडून शब्द घोकून घेतले होते. राइजर म्हणजे भिंतीवरून वर चढणारा पाइप. ओडरंट म्हणजे गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला वास, कारण गॅसला स्वतःचा वास नसतो. लोकांना गळती कळावी म्हणून जो वास घालतात तोच मला येत नाही, आणि गळती शोधायचा पगार मी घेतो. आहे की नाही कमाल! गॅस ओळखायचं यंत्र असतं सोबत, पण त्या दिवशी ते ऑफिसात चार्जिंगला राहिलं होतं.

माझं ऐकून त्यांचा मुलगा प्रेमराज आईवर उखडला. तिला पहिल्यापासून हा गॅस नकोच होता, आता बिल्डिंगमधले लोकही हसतात, असं बरंच काही बोलला. शेवटी म्हणाला, उद्यापासून हिनं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मी सही घेऊन सटकलो.

दोन दिवसांनी भरदुपारी धुरपदाबाईंनी शेजारणीच्या फोनवरून पुन्हा तक्रार केली. या वेळी यंत्र नेलं. ओट्याखाली धरलं तर ते कोकलायलाच लागलं. नळी क्लॅम्पपाशी चिरली होती. व्हॉल्व्ह बंद केला, खिडक्या उघडल्या, नळी बदलली, दोनदा तपासलं. मग तिथेच फरशीवर बसलो आणि नाकाचं सगळं सांगून टाकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“मंग तुनी नोकरी जाई का?” त्यांनी विचारलं.

“जाईल.”

“पोरे शेतस?”

“दोन मुली.”

एवढ्यात प्रेमराज जेवायला आला. माझी पिशवी पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. आता बोलायचं, मी ठरवलं. खरंच ठरवलं होतं. पण धुरपदाबाईच आधी बोलल्या.

“काही नही रे. माले परत भास झाया.”

प्रेमराजनं मला हात जोडले, तुम्हाला उगाच त्रास झाला म्हणाला. चिरलेली नळी माझ्या पिशवीत होती. काढून दाखवायला कितीसा वेळ लागला असता? लाजेनं कान तापले होते, पण हात हलला नाही.

“असू द्या,” मी म्हणालो. “वय झालंय त्यांचं.”

धुरपदाबाई उठल्या, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.