ओटेलियाची डावी बाजू

मेलेल्या बाईच्या डोक्यावर टोपी घालतं का कुणी? आमच्या केझायाने घातली. माझ्या सख्ख्या नातीने. आणि तीसुद्धा ओटेलियाच्या डोक्यावर! ओटेलियाने जन्मभर चर्चमध्ये एकाहून एक टोप्या मिरवल्या, आणि गालात पेपरमिंटची गोळी धरून दर रविवारी आम्हाला बजावलं, "शवपेटीत मला टोपी नको गं बायांनो. शेवटच्या दिवशी तरी लोकांना बघू दे, खाली काय आहे ते."

आमच्या मेकन गावात, आम्हा काळ्या लोकांत, एक रीत आहे. जिवंतपणी जिच्या हाती डोकं दिलं, तीच मेल्यावर तुमचे केस करते. परका हात लागू द्यायचा नाही. ओटेलियाचे केस वर्षानुवर्षं मी केले, माझ्या स्वयंपाकघरात, शेगडीवर लोखंडी फणी तापवून, तिने कुरळे केस सरळ करत. माझी बोटं वाकडी झाली तेव्हा ती फणी मी केझायाला दिली, आणि फणीबरोबर ओटेलियाही दिली. म्हणून अंत्यविधीवाल्या मिस्टर गेन्सने बोलावणं धाडलं ते केझायाला.

दर्शनाला गेले, तर ओटेलिया जांभळी टोपी घालून पडलेली. मी पोरीला कोपऱ्यात ओढलं.

"ही टोपी कुठून आली?"

"छान दिसतेय की, ग्रॅनी."

"छान तर घोडाही दिसतो. तिने काय सांगितलं होतं?"

"त्यांना आता काय कळतंय?" असं म्हणाली आणि फोनकडे बघत बाहेर पडली. दफनानंतरच्या जेवणालाही थांबली नाही. लोक तळलेली कोंबडी खात होते आणि ही अटलांटाच्या रस्त्याला लागलेली.

खोटं कशाला बोलू, पोरीच्या हातात कसब आहे. तिथे अटलांटात मोठमोठ्या फॅशन शोंना आमच्या काळ्या पोरींना मॉडेल म्हणून बोलावतात, पण त्यांचे केस कसे हाताळायचे हे तिथल्या कुणाला ठाऊक नसतं. फणी मोडतात, वर पोरीलाच बोल लावतात. पोरी बिचाऱ्या घरूनच वेण्या घालून जातात, नाहीतर न्हाणीघरात जाऊन रडतात. अशा एका मोठ्या शोसाठी केझायाला विचारलं होतं. शनिवारी चाचणीत उतरली तर सगळ्या पोरींची डोकी तिच्या हाताखाली. आमच्या गल्लीतलं कुणी अशा दारापर्यंत पोचलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"ग्रॅनी, माझ्या वेण्या सुटतायत."

"सैल घालत असशील."

"मी? सैल? ग्रॅनी, फक्त डाव्या बाजूच्या सुटतायत. ज्या पोरीला घालते तिच्या."

मानेवरून गार काहीतरी सरकलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती घरी आली. सरावाचं बाहुलीचं डोकं काखेत होतं. ते तिने माझ्या टेबलावर ठेवलं आणि दोन्ही बाजूंना बारीक, घट्ट वेण्या घातल्या. मी ओढून पाहिल्या. दोष काढायला जागा नव्हती.

"आता बघ," ती म्हणाली.

बाहेर लख्ख ऊन होतं. खिडक्या बंद. उजवी बाजू जशीच्या तशी राहिली. डाव्या कानामागची एक वेणी टोकाशी जरा हलली. मग एक पेड दुसऱ्यावरून उतरला. मग तिसरा. जरासुद्धा घाई नसलेल्या बोटांनी सोडवावी, तशी ती वेणी सुटत वर गेली. ती संपल्यावर शेजारची सुरू झाली. केझायाने माझा हात धरला होता. आणि शेगडीवर काही नसताना घरभर पेपरमिंटचा वास सुटला.

"ओटेलियाचं काय केलंस?" मी विचारलं.

"ग्रॅनी..."

"टोपीखाली काय होतं ते बोल."

"उजवी बाजू केली होती. त्यांना आवडायच्या तशाच लाटा, गालावर एक कुरळी बट. मग अटलांटाहून फोन आला. बोलता बोलता वेळ गेला, लोक दाराशी आले. मला वाटलं, टोपी घातली की कोण बघतंय."

"आणि डावी?"

"तशीच राहिली." ती रडायला लागली. "शनिवारी शोवाल्यांसमोर असं झालं, तर मला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही."

थडगं काही उकरता येत नाही. मी खुर्ची शेगडीपाशी ओढली, खांद्यावर टॉवेल घेतला आणि बसले.

"फणी तापव. माझी डावी बाजू कर. ओटेलियाची करायची होतीस तशी."

"तुझ्या डोक्यावर?"

"मग काय पास्टरच्या टकलावर करतेस?"

तिने फणी तापवली, कागद करपत नाही ना ते टेकवून पाहिलं, आणि सुरुवात केली. केसांतून धूर निघत होता, पण माझी डावी बाजू बर्फासारखी गार पडत गेली. आधी कान, मग गाल, मग जीभ. जिभेवर पेपरमिंटची चव आली. माझं तोंड आपोआप उघडलं.

"कानाशी जपून, बाळा. आणि घाई करू नकोस. मला आता कुठे जायचंय?"

केझायाचा हात थांबला. मी तिला जन्मात कधी बाळा म्हटलेलं नाही. आणि तो आवाज आम्ही दोघींनी ओळखला होता.

"हो, मिस ओटेलिया," ती हळूच म्हणाली, आणि शेवटच्या बटेपर्यंत केस केले. या वेळी तिचा फोन वाजत राहिला, तिने मान वळवली नाही.

त्या संध्याकाळी बाहुलीला पुन्हा वेण्या घातल्या. एकही हलली नाही.

माझ्या डोक्याची मात्र वेगळी कथा. मी केस धुतले. साबण लावला, वाफ घेतली. उजवी बाजू पाणी लागताच आपल्या मूळ वळणावर आली. डावीकडच्या लाटा तसूभर हलल्या नाहीत. आरशात एका बाजूने मी दिसते, दुसऱ्या बाजूने ती. कधी कधी ती बाजू माझ्याआधी हसते.

शुक्रवारी केझाया पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली. माझ्या डोक्याकडे बघवत नव्हतं तिला.

"ग्रॅनी, मग मी जाऊ?"

"जा," मी म्हटलं. "हात तुझा पहिल्या प्रतीचा आहे, तिथे कुणाच्या बापाला भिऊ नकोस. पण तू अर्धं टाकलेलं काम काही मिटलेलं नाही, ते माझ्या डोक्यावर येऊन बसलंय. मी मरेन त्या दिवशी अटलांटात एखाद्या राणीचं डोकं हातात असलं, तरी ते खाली ठेवायचं आणि यायचं. माझी उजवी बाजू माझ्यासारखी कर, डावी तिच्यासारखी. लोकांना आम्ही दोघी दिसल्या पाहिजेत. आणि केझाया, माझ्या डोक्यावर टोपी घातलीस, तर ती परत द्यायला आम्ही दोघी तुझ्या दाराशी येऊ."